भरला मैल, रिकामा मैल

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेतीचे उत्तमपण केव्हाच सरले आणि नोकरीचे कनिष्ठपण लोकांनी आनंदाने पत्करले. तरी या म्हणीतला एक अर्थ मात्र आपल्या मनात अजून घट्ट रुतून बसला आहे. दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा स्वतःचे काहीतरी असावे, मग ते लहान का असेना, हा तो अर्थ. स्वतःचे दुकान, स्वतःची रिक्षा, स्वतःचा ट्रक. 'मालक' या शब्दाला जे वजन आहे ते 'पगारदार' या शब्दाला कधीच आले नाही. अमेरिकेत तर या शब्दाची जवळजवळ पूजा होते. 'स्वतःच स्वतःचे साहेब व्हा' ही ओळ तिथे हमखास भेटते. गंमत अशी की, ती भेटते माणसे हवी असल्याच्या जाहिरातींत!

प्रश्न असा की, साधन आपल्या मालकीचे झाले म्हणजे धंदाही आपल्या मालकीचा होतो का? हा प्रश्न मला कोणत्या पुस्तकाने घातलेला नाही. उत्तर इंडियानातल्या साउथ बेंड या गावी मी बरीच वर्षे लहान धंदेवाल्यांचे आयकराचे हिशेब लिहिण्याचे काम केले. माझ्या गिऱ्हाइकांत एक मोठा गट होता तो स्वतःच्या ट्रकने फिरती घरे पोचवणाऱ्यांचा. कर भरण्याची मुदत १५ एप्रिलची. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ही मंडळी पावत्यांनी गच्च भरलेली बुटांची खोकी बगलेत मारून माझ्याकडे येत. डिझेलच्या पावत्या, टायरच्या पावत्या, टोलच्या, मोटेलच्या. त्या खोक्यांतून मला जो धंदा दिसला, तो वरवर पाहता दूरदेशीचा आणि काहीसा विचित्र आहे. पण त्याचे मर्म आपल्या ओळखीचे आहे, म्हणून तो इथे मांडतो.

घरे ओढणारी माणसे

अमेरिकेत ज्याला आरव्ही म्हणतात ते म्हणजे चाकांवरचे घर. झोपायची जागा, ओटा, शेगडी, न्हाणीघर असा सगळा संसार त्यात असतो. सुट्टीत कुटुंबाने ते घेऊन निघायचे आणि डोंगरात किंवा तळ्याकाठी मुक्काम ठोकायचा. यात दोन जाती आहेत. एकीला स्वतःचे इंजिन असते, तिला मोटारहोम म्हणतात. दुसरीला इंजिन नसते, ती पिकअप ट्रकमागे जोडून ओढावी लागते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दर दहा घरांपैकी जवळजवळ नऊ या दुसऱ्या जातीची असतात. अमेरिकेत बनणाऱ्या आरव्हींपैकी ८० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडियाना राज्यात बनतात आणि त्यांतल्या बहुतेक साउथ बेंडपासून पंधरा-वीस मैलांवरच्या एल्खार्ट परगण्यात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे लोक मोठ्या संख्येने काम करतात. ज्यांचा धर्म स्वतःची मोटार बाळगू देत नाही आणि जे घोड्याच्या बग्गीतून बाजाराला जातात, तेच हात देशभराच्या हौशी प्रवाशांसाठी चाकांवरची घरे बांधतात!

आता ही घरे देशभरच्या विक्रेत्यांपर्यंत पोचवायची कशी? मोटारी पोचवायच्या तर एका लांबलचक वाहकावर आठ-दहा एकदम चढवता येतात. पण साडेआठ फूट रुंद आणि तीस फूट लांब घरावर दुसरे घर रचता येत नाही. सोय एवढीच की, त्याला मुळातच चाके आहेत. म्हणजे दर घराला एक ओढणारा हवा. वर्षाला तीन-चार लाख घरे, तितक्याच फेऱ्या. या फेऱ्यांसाठी हजारो ट्रक आणि हजारो चालक पदरी बाळगणे ना कारखान्यांना परवडते, ना वाहतूक कंपन्यांना. मागणी आज आहे, उद्या नाही. मग यावर तोडगा निघाला तो असा : ट्रक चालकाचाच असावा, डिझेल त्यानेच भरावे, टायर त्यानेच बदलावेत, कंपनीने फक्त फेरी द्यावी आणि फेरीचे पैसे द्यावेत. असा माणूस कंपनीचा नोकर नाही. कायद्याच्या भाषेत तो 'स्वतंत्र कंत्राटदार' आहे.

कामाची रीत अशी. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला दणकट डिझेल पिकअप चालक विकत घेतो. नवा घेतला तर ७०-८० हजार डॉलर सहज पडतात. तो ट्रक तो कंपनीला कराराने जोडून देतो, दारावर कंपनीच्या नावाची आणि सरकारी नोंदणी क्रमांकाची पाटी लावतो. ट्रेलर दहा हजार पौंडांहून जड आणि ट्रक-ट्रेलरची एकत्रित क्षमता २६ हजार पौंडांच्या वर गेली की व्यावसायिक परवानाही लागतो. सकाळी फेऱ्यांची यादी पाहायची, त्यातली एक उचलायची आणि कारखान्याच्या आवारात जायचे. तिथे घराभोवती फिरून एकेक ओरखडा टिपून ठेवायचा, फोटो काढायचे, टायरमधली हवा, दिवे, ब्रेक तपासायचे आणि घर जोडून निघायचे. हा ओरखडे टिपण्याचा भाग फार महत्त्वाचा. कारण पलीकडचा विक्रेताही घराभोवती असाच फिरतो, आणि निघताना न टिपलेला ओरखडा पोचताना दिसला तर तो चालकाच्या नावावर पडतो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या ट्रेलरचे छत पेट्रोल पंपावरच्या झाडाच्या फांदीने कोपऱ्यात फाटले. दुरुस्तीची पहिली रक्कम करारानुसार त्याने भरायची होती. तीन फेऱ्यांची कमाई त्यात गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मागे गादी-पलंगासह सुसज्ज घर असते, पण ओढणाऱ्याला त्यात झोपायची मुभा नसते. ते घर नवे कोरे पोचले पाहिजे. म्हणून मोटेलचे पैसे वाचवणारा चालक रात्री ट्रकथांब्यावर पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपतो.

एका फेरीचा हिशेब

या धंद्यात दर बोलला जातो तो मैलावर, आणि तोही भरल्या मैलावर. म्हणजे घर मागे जोडलेले असताना जेवढे मैल तोडले तेवढ्यांचेच पैसे. घर उतरवून मोकळा ट्रक परत आणायचा तो स्वतःच्या खर्चाने. या रिकाम्या मैलाला तिकडचे ट्रकवाले 'डेडहेड' म्हणतात. आपल्याकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना यात काही नवे वाटणार नाही. 'परतीचे भाडे' मिळाले की नाही, यावरच आपल्या मालट्रकचे गणित बसते किंवा कोसळते. फरक इतकाच की, आपला ट्रक परतताना कांदा आणू शकतो, सिमेंट आणू शकतो. घरे ओढणारा पिकअप परतताना बहुधा वाराच आणतो.

एक फेरी उदाहरणादाखल घेऊ. आकडे समजुतीसाठी गोल केले आहेत. एल्खार्टहून कोलोरॅडोतले डेन्व्हर सुमारे १,१०० मैल. दर मैलाला २ डॉलर धरला तर फेरीचे २,२०० डॉलर. आकडा भरदार दिसतो. आता खर्च. इतके मोठे चौकोनी घर मागे असले की ते शिडासारखा वारा अडवते. ट्रक गॅलनला दहा मैल देतो. म्हणजे जाताना ११० गॅलन. येताना मोकळा ट्रक गॅलनला सोळाच्या आसपास देतो, म्हणजे आणखी ७० गॅलन. डिझेल ४ डॉलर धरले तर १८० गॅलनचे ७२० डॉलर. उरले १,४८०. जाण्यायेण्याच्या चार दिवसांतला मुक्काम, जेवण आणि टोल यांचे १८० काढा, उरले १,३००. बहुतेक चालकांचा हिशेब इथेच संपतो. चार दिवसांत तेराशे डॉलर, वाईट काय?

पण खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो. ७५ हजारांचा ट्रक तीन लाख मैल चालवून १५ हजारांना विकला तर तो मैलाला २० सेंट झिजला. जाऊन-येऊन २,२०० मैलांची झीज ४४० डॉलर. टायर, तेल, ब्रेक, दुरुस्ती यांचे मैलाला दहा सेंट, म्हणजे २२०. विमा, नोंदणी वगैरेंचा या फेरीवर येणारा वाटा १०० धरू. हाती राहिले ५४०. वेळ किती गेला? चाळीस तास चाक हातात आणि सहा तास तपासणी, जोडणी, उतरवणी यांत. तासाला पावणेबारा डॉलर. अजून कर आहेच. पगारदार माणसाच्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतला निम्मा वाटा मालक भरतो. स्वतःच स्वतःचा साहेब असलेल्याला दोन्ही वाटे भरावे लागतात, एकूण १५.३ टक्के. तो वजा केला की तासाला दहा डॉलरच्या आसपास उरतात. यात आजारपणाचा विमा नाही आणि पगारी रजाही नाही. केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. पाऊण लाखाचे भांडवल आणि एवढी जोखीम गुंतवून आमचा मालक त्याच्या जेमतेम पावणेतीन डॉलर वर बसतो.

माझ्या झिजेच्या आकड्याला कोणी फुगवलेला म्हणू नये. अमेरिकेच्या आयकर खात्याने २०२५ साठी धंद्याच्या गाडीचा खर्च मैलाला ७० सेंट धरला, आणि त्यातले ३३ सेंट निव्वळ झिजेचे मानले. मी वीसच धरले. ही झीज दिसत नाही, हीच तर अडचण आहे. डिझेलची पावती येते, टायरची येते. झिजेची पावती कोणी देत नाही. ट्रक रोज थोडाथोडा विकला जात असतो आणि त्याचे आलेले पैसे माणूस मजुरी समजून खात असतो. चार-पाच वर्षांनी इंजिन जाते तेव्हा ते एकदम कळते, आणि तेव्हा खिशात नवा ट्रक घेण्याइतके पैसे नसतात.

हिशेबनीस म्हणून मला दिसलेली आणखी एक गोष्ट सांगतो. मैलांचा खर्च वजा केला की या मंडळींचे करपात्र उत्पन्न अगदी किरकोळ उरे. कर कमी पडला म्हणून माणूस खूश होऊन जाई. पण कर कमी म्हणजे कागदावर कमाई कमी. तोच कागद घेऊन तो घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेला की बँक मान हलवते. आणि म्हातारपणी मिळणारे सरकारी निवृत्तिवेतनही याच कागदावरच्या कमाईवर ठरते. आज वाचलेला कर साठीनंतर व्याजासकट वसूल होतो.

म्हणून हा धंदा करूच नये का? तसे मी म्हणणार नाही. त्यात नीट कमावणारेही मी पाहिले आहेत. माझ्याकडे पन्नाशी उलटलेली एक बाई येत. त्यांच्या ट्रकमध्ये एक जाडजूड वही असे. कोणत्या रस्त्यावर कोणता कारखाना आहे, कुठला विक्रेता जुनी घरे दुसऱ्या गावी पाठवतो, सगळे तीत टिपलेले. आयडाहो किंवा ओरेगनमधल्या कारखान्यातून निघालेले एखादे घर निदान अर्ध्या वाटेपर्यंत ओढून आणता येते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा नियम एकच : फेरीचे पैसे भरल्या मैलांनी भागायचे नाहीत, घरून निघून घरी येईपर्यंतच्या सगळ्या मैलांनी भागायचे. तो भागाकार पटला नाही तर फेरी नाकारायची. मात्र नाकारण्याची ही ऐपत त्यांना होती ती ट्रक कर्जमुक्त असल्यामुळे. शिवाय परतीचे भाडे दुसऱ्या कंपनीकडून घ्यायला सगळेच करार मोकळीक देत नाहीत. तुम्ही स्वतंत्र आहात, पण आमच्या पाटीखाली दुसऱ्याचे काम करू नका, असे हे स्वातंत्र्य!

जोखीम कोणाच्या डोक्यावर

हे असे का झाले, ते पाहायला थोडे मागे जावे लागेल. १९३५ पासून अमेरिकेत राज्याराज्यांतल्या ट्रकवाहतुकीचे परवाने आणि दर यांवर केंद्रीय आयोगाचे नियंत्रण होते. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ते सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. १९९५ च्या अखेरीस तो आयोगच बंद झाला. याचे फायदे झाले नाहीत असे नाही. जुन्या व्यवस्थेत मक्तेदारी होती, नव्या माणसाला धंद्यात शिरणे कठीण होते आणि ग्राहकाला भाडे जास्त पडत होते. दारे उघडली आणि भाडी उतरली. पण भाडे उतरते तेव्हा ते कोणाच्या तरी अंगावर उतरते. कारखाना ते वाहतूक कंपनीवर ढकलतो, कंपनी चालकावर ढकलते. चालकाला मात्र पुढे ढकलायला कोणी उरत नाही.

त्यात हा माल चैनीचा. घरात पैसा असला, कर्ज स्वस्त असले, डिझेल-पेट्रोल आवाक्यात असले तरच लोक फिरते घर घेतात. २००६ मध्ये ३ लाख ९० हजारांवर घरे कारखान्यांतून बाहेर पडली. २००९ मध्ये तो आकडा १ लाख ६५ हजारांच्या घरात आला. एल्खार्टमधली बेकारी तेव्हा २० टक्क्यांच्या जवळ पोचली होती आणि नवे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा फेब्रुवारी २००९ मध्ये मुद्दाम तिथे जाऊन लोकांशी बोलले. पुढे करोनाच्या साथीत विमाने थांबली, हॉटेले ओस पडली आणि लोक चाकांवरच्या घरांवर तुटून पडले. २०२१ मध्ये सहा लाखांवर घरे बनली, आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, ती ३ लाख १३ हजारांवर आली. मधल्या २०२२ च्या उन्हाळ्यात डिझेल गॅलनला साडेपाच डॉलरांच्या वर गेले होते आणि व्याजाचे दर झपाट्याने चढत होते.

कारखान्यातला माणूस मंदीत घरी बसतो तेव्हा त्याला बेकारभत्ता मिळतो. वाहतूक कंपनीला तर कोणाला काढावेही लागत नाही. यादीतल्या फेऱ्या कमी होतात, इतकेच. नोकर नाही त्याची नोकरी जात नाही आणि नोकरी न गेलेल्याला भत्ता नाही. २०२० च्या साथीत सरकारने अशा स्वतंत्र कंत्राटदारांसाठी पहिल्यांदाच तात्पुरती मदत काढली, ती पुढच्या वर्षी संपली.

आकड्यांमागचे एक माणूस सांगतो. तिशीतला एक तरुण कारखान्यातल्या जुळणीच्या रांगेत काम करत होता. २०२१ मध्ये आवारात घरे इतकी साचली होती की, ओढायला माणसे मिळत नव्हती. दर चढले होते. त्याने नोकरी सोडली आणि कर्ज काढून नवा ट्रक घेतला. पहिले वर्ष त्याला सोन्याचे गेले. त्या वर्षीचे खोके त्याने माझ्या टेबलावर ठेवले ते हसत हसत. पुढच्या वर्षाच्या अखेरीस यादीत दिवसचे दिवस फेरी नसे, असली तर तिचा दर पूर्वीचा नसे. ट्रकचा हप्ता मात्र पूर्वीचाच होता. हप्त्यासाठी तो मिळेल त्या दराची फेरी उचलू लागला, आणि प्रत्येक फेरीने ट्रक आणखी झिजवू लागला. २०२३ च्या वसंतात वित्तकंपनीने ट्रक ओढून नेला. घरे ओढणाऱ्याचाच ट्रक ओढून नेला गेला. त्या वर्षी तो आला तेव्हा खोके अर्धे रिकामे होते. तो आळशी नव्हता, व्यसनी नव्हता, हिशेबातही कच्चा नव्हता. त्याने फक्त तेजी चालू असताना मालक व्हायचे ठरवले होते.

या धंद्यातली आणखी एक गाठ बाहेरून चटकन दिसत नाही. घरे ओढणाऱ्यांत निवृत्त लोक पुष्कळ आहेत. कोणाचे लष्करातले निवृत्तिवेतन चालू असते, कोणाचे कारखान्यातले. वयाची ६५ वर्षे पुरी झाली की सरकारी आरोग्यविमाही मिळतो. मुले मार्गी लागलेली, घराचे कर्ज फिटलेले. त्यांना देश पाहायचा असतो, घरी बसून कंटाळा येतो. अशा माणसाला डिझेल-मुक्काम वजा जाता चार पैसे सुटले तरी फेरी आनंदाची वाटते. त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण त्याच यादीतून जो संसार चालवायला फेरी उचलतो, त्याची स्पर्धा या पेन्शनरांशी असते. एकाच्या विरंगुळ्याचा दर दुसऱ्याच्या पोटाचा दर ठरवतो. ज्या कामाची किंमत खाली राहावी असे एखाद्याला वाटते, त्याने ते काम हौसेचे आहे असे जगाला पटवावे!

या सगळ्याला सुरक्षिततेचीही एक बाजू आहे. चालकाने दिवसात अकरा तासांहून अधिक गाडी हाकू नये, असा केंद्राचा नियम आहे. डिसेंबर २०१७ पासून ट्रकचालकांचे तास मोजायला इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाले. मात्र फिरती घरे ओढणाऱ्यांना त्यातून सूट आहे. त्यांना कागदावरची वही चालते. सूट सोयीची आहे, नाकारायला कोणी तयार नाही. पण पैसे मैलावर आणि रिकाम्या मैलाचे काहीच नाही, अशी स्थिती असताना परतीच्या वाटेवर झोप आणि वही यांचे भांडण झाले तर कोण जिंकत असेल, हे सांगायला नको. वायोमिंगमधून जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर वारा इतका सुटतो की, हलक्या पण उंच गाड्यांना तो रस्ता अनेकदा बंद करतात. थांबलेल्या दिवसाचे पैसे फेरीच्या दरात नसतात. वाऱ्याचीही जोखीम चालकाचीच.

कायदा अगदीच गप्प आहे असे नाही. ट्रक जोडून घेणाऱ्या कंपनीने करार लेखी करावा, कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत, भाडे टक्केवारीवर असेल तर मूळ बिलाची प्रत दाखवावी, असे केंद्रीय नियम आहेत. पण नोकर कोण आणि कंत्राटदार कोण, या मूळ प्रश्नावर तिथेही एकमत नाही. केंद्रीय श्रमखात्याने २०२१ मध्ये एक कसोटी केली, २०२४ मध्ये ती बदलली आणि २०२५ मध्ये बदललेल्या कसोटीची अंमलबजावणी थांबवली. सरकार बदलले की मालक मजूर होतो आणि मजूर पुन्हा मालक होतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राइम ही ट्रककंपनी आणि डॉमिनिक ऑलिव्हेरा हा चालक यांच्या खटल्यात एक अर्थपूर्ण निकाल दिला. कंत्राटदार म्हणून सही केलेल्या वाहतूक कामगारालाही त्या केंद्रीय लवादकायद्याच्या आधारे न्यायालयाऐवजी लवादाकडे जायला भाग पाडता येत नाही, असा तो निकाल. कारण लवादाचा तो कायदा १९२५ मध्ये झाला तेव्हा नोकरीचा करार या शब्दांत कंत्राटी कामही सहज येत असे. शंभर वर्षांपूर्वी राबणाऱ्याला राबणारा म्हणायला भाषा पुरेशी होती. नवी नावे नंतर सापडली.

आपल्या दारात

हे सारे अमेरिकेत राहू द्या, आमचे काय, असे कोणी विचारील. एके काळी पुणे-मुंबई रस्त्यावर उघडी चॅसिस घेऊन जाणारे चालक सर्वांनी पाहिले आहेत. डोक्याला मफलर, डोळ्यांवर गॉगल, बसायला लाकडी फळी. पिंपरीहून निघालेला ट्रकचा सांगाडा बॉडी बांधणाऱ्याच्या दारात नेऊन सोडायचा आणि परत यायचे ते एसटीने किंवा ओळखीच्या ट्रकमध्ये बसून. एल्खार्टच्या आवारात उभा राहिलो की मला ते आठवत. तेही दुसऱ्याची गाडी पोचवणारेच. पण त्यांच्या डोक्यावर निदान स्वतःच्या ट्रकचे कर्ज नव्हते.

आज मात्र आपल्याकडेही साधन राबणाऱ्याच्या नावावर आणि दर दुसऱ्याच्या हातात, ही रीत रुळली आहे. मोबाइलवरून बोलावल्या जाणाऱ्या टॅक्सीचा चालक गाडीचा मालक असतो, हप्ता तो भरतो, इंधन तो भरतो. भाडे किती, हे मात्र कंपनीचे यंत्र ठरवते. प्रवाशाला घ्यायला रिकामे धावलेले किलोमीटर त्याच्याच खिशातून जातात. आपल्या बसगाड्यांच्या हिशेबात अशा धावेला 'डेड किलोमीटर' म्हणतात. तोच तो अमेरिकेतला मेलेला मैल. मार्च २०१८ मध्ये मुंबईत या चालकांनी संप केला तेव्हा त्यांच्या तक्रारीचे मूळ हेच होते : सुरुवातीला दाखवलेली कमाई हप्त्यानंतर उरत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच व्याख्या केली आणि २०२३ मध्ये राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण कल्याणनिधी ही मलमपट्टी झाली. जखम दरात आहे.

माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, जो कोणी अशा मालकाला काम देतो त्याने दर सांगताना भरल्या मैलाबरोबर सगळ्या मैलांचाही दर सांगावा. हा साधा भागाकार कायद्याने सक्तीचा करायला कोणाचे नुकसान नाही. झाले तर ते फक्त आकडा लपवून फायदा घेणाऱ्याचे होईल. दुसरी, फेरी नाकारली म्हणून पुढच्या फेऱ्या मिळेनाशा होणार असतील, तर त्या माणसाला स्वतंत्र म्हणू नये. त्याची वर्गणी आणि विमा यांचा वाटा काम देणाऱ्याने उचलावा. आणि तिसरी, जे तरुण कर्ज काढून गाडी घ्यायला निघाले आहेत त्यांच्यासाठी. धावलेल्या प्रत्येक मैलामागे किंवा किलोमीटरमागे ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि ते पैसे आपले समजू नका. ते गाडीचे आहेत. ते बाजूला काढल्यावर जे उरते ती तुमची मजुरी. ती मजुरी पुरत नसेल, तर गाडीच्या दारावर नाव कोणाचे लिहिले आहे याला अर्थ नाही.

आपल्याकडे मालकीची खूण म्हणजे नावावरचा कागद. पण ज्याला न परवडणाऱ्या कामाला नाही म्हणता येते आणि नाही म्हटल्यावरही ज्याची चूल पेटते, तो मालक. बाकीचे सगळे आपल्या खर्चाने दुसऱ्याची गाडी ओढत असतात.